आडवा अडवतो

आपल्या भाषेत 'बंब' हा शब्द दोन ठिकाणी नोकरीला आहे. आंघोळीचं पाणी तापवतो तोही बंब, आणि घर पेटलं की घंटा बडवत धावत येतो तोही बंब. दोन घरचा पाहुणा उपाशी असं म्हणतात, पण हा शब्द दोन्हीकडे पोटभर जेवतो. तंद्रीमेस्त्रींच्या बायकोला यातला पहिला बंब हवा होता. जुना, तांब्याचा, गळका असला तरी चालेल, कारण तिला त्यात पाणी तापवायचं नव्हतं, दाराशी ठेवून झाड लावायचं होतं. त्यासाठी तिने दोन वर्षं भंगारवाल्याचं डोकं खाल्लं होतं. शेवटी एका दुपारी त्याचा फोन आला.

"काकू, जुना बंब सापडलाय. तांबं-पितळ म्हणाल तेवढं."

"मग आणून टाक की घरी."

"आणता नाही यायचा. जड आहे. काकांना पाठवा बघायला."

"एवढा काय जड असतो मेला बंब," असं पुटपुटत काकूंनी नवऱ्याच्या हातात एक गोणपाट आणि सुतळीचा गुंडा दिला आणि त्यांना घराबाहेर काढलं.

तंद्रीमेस्त्री अग्निशमन दलाच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण कामावर पडलेलं नाव काही निवृत्त झालं नाही. हात सोन्याचे आणि मन वाऱ्यावर, असा माणूस. बोल्ट आवळता आवळता ते कुठल्या कुठे निघून जात, आणि बोल्ट मात्र बरोबर आवळला गेलेला असे. एकदा बसची वाट बघता बघता त्यांनी तीन बस सोडल्या आणि चौथीत चढले ती उलट्या दिशेची निघाली. उतरायचं सोडून ते शेवटच्या थांब्यापर्यंत खिडकीतून बघत बसले. बायको चिडली की 'अहो तंद्री' अशीच हाक मारायची.

शहराच्या कडेला एक बंद पडलेला कागदाचा कारखाना होता. भंगारवाल्याने मागच्या शेडचं दार सरकवलं. छपराच्या काचा फुटल्या होत्या आणि त्यांतून उन्हाचे लांब पट्टे खाली उतरले होते. त्यांत धूळ इतकी सावकाश तरंगत होती की तिला कुठे पोचायची घाई नसावी. शेडच्या मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी झोपलं होतं. ते चांगलं बैलगाडीएवढं होतं, म्हणजे त्याहूनही मोठं.

"हा बंब?" मेस्त्रींनी विचारलं.

"बंबच ना? मी काय खोटं बोललो?"

हातातलं गोणपाट आणि सुतळी तशीच धरून मेस्त्री उभे राहिले. मग दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. धुळीच्या खाली रंग होता, जुन्या विटेसारखा. लाकडी शिडी होती, काळी पडलेली पितळी घंटा होती, होसपाइप गुंडाळायच्या पेटीत एका पाखराने घर केलं होतं. मेस्त्री बंबाच्या भोवती एक फेरी मारून आले. आपले पाय जमिनीला लागताहेत की नाही हे त्यांना कळत नव्हतं. पुढे येऊन त्यांनी बाहीने दाराचा पत्रा पुसला. पांढऱ्या रंगातला आकडा हळूहळू वर आला. चार.

"पुढच्या महिन्यात जागा रिकामी करायची आहे," भंगारवाला म्हणाला. "कापायला माणसं आणली होती. कुणाचा हातच धजेना. एकजण म्हणाला, लहानपणी आम्ही हा रस्त्यात दिसला की सलाम ठोकायचो. आता ज्याला सलाम ठोकला त्याला कापायचं कसं? मग म्हटलं, काकांना विचारावं."

मेस्त्रींनी घंटेला बोटाने टिचकी मारली. कुणीतरी झोपेत कूस बदलताना हुंकार द्यावा तसा तिने एक बारीक आवाज केला आणि परत गप्प झाली.

घरी आले तेव्हा गोणपाट रिकामंच होतं. काकू दारात उभ्या होत्या.

"बंब कुठाय?"

"चार नंबर सापडला," मेस्त्री म्हणाले.

काकू उंबऱ्यावरच बसल्या.

चार नंबरशी त्यांच्या घराचं काय नातं होतं ते सांगायला हवं. काकूंचे थोरले भाऊ, अण्णा, चार नंबरचे चालक. बंब चालवायचा आणि जागेवर पोचलं की पंपावर बसायचं, ही दोन्ही कामं त्यांची. एक्केचाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी लाकडाच्या वखारीला आग लागली. वखारीला लागून घरांची ओळ होती आणि समोर तळं होतं. चार नंबर सगळ्यांत आधी पोचला. अण्णांनी जाड पाइप तळ्यात सोडला, पंप सुरू केला, आणि पंपाने पाणीच ओढलं नाही. नुसता हवेचा फुसफुस आवाज.

पंपाच्या पोटाखाली एक छोटा नळ असतो. ड्रेन कॉक म्हणतात त्याला. काम संपलं की पंपात उरलेलं पाणी सोडून द्यायला तो उघडायचा, आणि सोडून झालं की आठवणीने बंद करायचा. तो उघडा राहिला तर पंप तिथूनच हवा पीत बसतो आणि पाणी ओढत नाही. हा कॉक इतका आत असतो की डोळ्यांना दिसतच नाही, हाताने चाचपावा लागतो. म्हणून वर्कशॉपमध्ये नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक मंत्र शिकवत: आडवा अडवतो, सरळ सोडतो. कॉकचा दांडा पाइपला आडवा लागला तर बंद, पाइपच्या रेषेत सरळ लागला तर चालू.

त्या सकाळी धुरात, आरडाओरड्यात अण्णांना अकरा मिनिटांनी तो कॉक आठवला. त्यांनी खाली हात घालून दांडा फिरवला आणि दुसऱ्या क्षणाला पाणी आलं. पण तोवर नऊ घरं गेली होती. माणूस एकही दगावला नाही, हे त्या सगळ्यांचं नशीब.

संध्याकाळी चौकशी झाली. "निघताना मी हात लावून बघितला होता साहेब, आडवा होता," असं अण्णा आधी म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच ते पटेना. दांडा फिरवला आणि पाणी आलं, म्हणजे आधी तो उघडाच असणार, दुसरं काय? "माझ्या हातून उघडा राहिला," असं त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांना बंबावरून उतरवून कोठारात बसवलं. पुढची सतरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांना शिरस्त्राणं आणि होसपाइप मोजून दिले. चार नंबर त्याच वर्षी कागदाच्या कारखान्याला देऊन टाकला गेला, आणि त्याचं पुढे काय झालं ते कुणीच विचारलं नाही.

त्या दिवसापासून अण्णांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. घराबाहेर पडताना ते नळ तीनदा बघत, गॅस तीनदा, कडी तीनदा. दर रविवारी ते बहिणीकडे जेवायला येत, हात धुऊन निघत, कोपऱ्यापर्यंत जात आणि परत येत. "नळ बघून जातो," म्हणत. भाच्यांनी लहानपणी त्याच्या नकला केल्या, काकू त्याला 'अण्णाचा दुसरा निरोप' म्हणत आणि तो होईपर्यंत दार लावतच नसत. सगळे हसत. अण्णाही हसत, आणि नळ बघत.

आता मेस्त्रींचं. त्या आगीच्या आदल्या दिवशी चार नंबरच्या त्याच कॉकचं काम मेस्त्रींनी केलं होतं. तो गळत होता, म्हणून खोलून, घासून, परत बसवला. दुरुस्तीनंतर पंपाने पाणी ओढून बघायचं, हा वर्कशॉपचा नियम. पण त्या दुपारी अण्णांची बहीण भावाचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती आणि वर्कशॉपच्या दारात दहा मिनिटं उभी होती. मेस्त्री तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. ती गेल्यावर त्यांच्या अंगात हलकं हलकं काहीतरी वाजत राहिलं, आणि त्यांनी ठरवलं, पाणी उद्या सकाळी ओढून बघू. सकाळ व्हायच्या बेतात वखार पेटली. चौकशीत साहेबांनी विचारलं, "ओढून बघितलं होतंस ना?" आणि मेस्त्री म्हणाले, "हो."

तेवढाच एक शब्द. अण्णांनी चूक कबूल केलीच होती, मग या शब्दाने कुणाचं काय बिघडलं, असं मेस्त्रींनी स्वतःला समजावलं. पुढच्या वर्षी चष्मा घेऊन आलेल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. अण्णा मेहुणे झाले, तरी अण्णांचं 'अरे मेस्त्री' आणि यांचं 'अहो अण्णा' कायम राहिलं, कारण कामावरचं नातं आधीचं. तो 'हो' मात्र अधूनमधून बुटातल्या खड्यासारखा टोचायचा.

चार नंबर सापडल्याचं अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं," आणि वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत राहिले. बघायला चला म्हटल्यावर गुडघा दुखतो म्हणाले.

अग्निशमन केंद्राच्या सध्याच्या प्रमुख एक बाई होत्या. कडक, कमी बोलणाऱ्या. त्या शेडमध्ये आल्या, बंबाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "आमच्या फाटकापाशी ठेवू. पण नुसता शोभेचा नको. पाणी उडवणारा हवा. तुम्ही कराल?" मेस्त्री करणारच होते. बाईंनी त्यांना एक जाड वही दिली. तिच्यात तीन रकाने आखलेले होते: भाग कोणता, सापडला तेव्हा कसा होता, आपण काय केलं.

"आधी मधला रकाना भरायचा, काका. मग हात लावायचा. एकदा घासलं की आधी काय होतं ते कुणाला कळत नाही."

चार नंबर केंद्रामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला आणि मेस्त्रींचे दिवस तिथे जाऊ लागले. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी यायचं. निवृत्ती रद्द झाली, असं काकू शेजारणीला सांगत. मेस्त्री बोटाएवढ्या कापडाने रंग पुसत. विटकरीच्या खाली लाल निघाला, लालाच्या खाली त्याहून खोल लाल, आणि सगळ्यांच्या खाली सोनेरी रेघ, केसाएवढी, कुणीतरी श्वास रोखून ओढलेली. वहीत लिहिलं: 'रेघ. शाबूत.' पेटीतल्या घरट्याला त्यांनी हात लावला नाही. बंब ट्रकवर चढवून इतक्या लांब आणला तरी पाखरू मागोमाग आलं होतं, हे काही त्यांना कळलं नाही आणि पटलंही नाही, पण पिल्लं तर होती. वहीत लिहिलं: 'पिल्लं, तीन. उडेपर्यंत पेटीचं काम बंद.'

दुपारी जेवण झालं की ते चालकाच्या आसनावर डोळे मिटून बसत. चामडं फाटून आतला काथ्या बाहेर आला होता, तरी ते आसन ओळखीच्या माणसासारखं त्यांना सामावून घेई. मग एकच स्वप्न पडे. चार नंबर पाण्याने भरलेल्या रस्त्यावरून चाललाय. पाणी गुडघाभर, स्वच्छ, आणि चाकांचा आवाज नाही. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांत दिवे आहेत आणि माणसं शांतपणे जेवताहेत. घरं बरोबर नऊ. चाकामागे अण्णा आहेत, तिशीतले, मिशीवाले. ते मेस्त्रींकडे बघून काहीतरी विचारतात, पण तेवढ्यात घंटा वाजते आणि जाग येते. जाग आल्यावर बराच वेळ ते पाणी शेडमध्ये हलत असल्यासारखं वाटे.

असे चार महिने गेले. पिल्लं उडाली. इंजिन खोकत का होईना, बोलायला लागलं. मग पंपाची पाळी आली.

मेस्त्री पाठीवर झोपून बंबाखाली सरकले. विजेरीच्या उजेडात त्यांना तो कॉक दिसला. दांडा आडवा होता. वहीत 'ड्रेन कॉक. बंद' असं लिहायला त्यांनी पेन उघडलं, आणि थांबले. गाडी वर्षानुवर्षं उभी करायची तर कोणताही शहाणा माणूस कॉक उघडा ठेवेल, नाहीतर आत पाणी साचून गंज धरेल. हा बंद कसा ठेवला? त्यांनी एक तार घेतली आणि खालून कॉकच्या तोंडात घातली. तार सरळ आत गेली. कुठे अडलीच नाही.

मग त्यांनी दांड्याचा नट पुसला. कॉकच्या गाभ्याचं टोक चौकोनी असतं. दांडा त्याच्यावर चारही बाजूंनी बसतो, त्याला काय. म्हणून बनवणाऱ्याने टोकावर एक खाच कापलेली असते. खाच जिकडे, भोक तिकडे. दांडा बसवताना खाच बघून बसवायचा. इथे खाच पाइपच्या रेषेत होती आणि दांडा तिला आडवा. कुणीतरी दांडा एक पाव फेरी चुकीचा बसवला होता. हाताला आडवा लागे तेव्हा हा कॉक उघडा असे, आणि सरळ लागे तेव्हा बंद.

नटावर टोकदार पंच ठोकून उमटवलेली तीन टिंबं होती, त्रिकोणात. वर्कशॉपमध्ये प्रत्येक फिटर आपल्या कामावर आपली खूण मारत असे. कुणाची एक रेघ, कुणाची फुली. तीन टिंबं तंद्रीमेस्त्रींची.

विजेरी हातातून सुटून बाजूला पडली होती आणि तिचा उजेड चाकाच्या आतल्या बाजूवर पडला होता. अण्णांनी त्या सकाळी निघताना हात घातला होता, आणि दांडा खरंच आडवा होता. अण्णांचा हात खरं बोलत होता. त्या दुपारी दारात ती उभी होती, मेस्त्री दांडा बसवत होते आणि नजर खाचेवर नव्हती. पाणी ओढून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. मेस्त्रींना रडू आलं, आणि बंबाखाली उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं हे त्यांना त्या वयात कळलं.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी सांगायला त्यांना पुढे फार लाज वाटली. पाना घेतला, नट सोडवला, दांडा काढला आणि बरोबर बसवला. पाव फेरी. झालं. आता जगात कुणाला काही कळणार नव्हतं. ते बाहेर आले, हात पुसले, वही उघडली. 'ड्रेन कॉक.' पुढचा रकाना कोरा होता: सापडला तेव्हा कसा होता.

ते त्या रकान्याकडे बघत बसले. उन्हाचा पट्टा वहीवरून सरकून जमिनीवर गेला. एकदा 'ओढून बघितलं होतंस ना' याला 'हो' म्हटलं होतं. आता परत तोच प्रश्न होता, फक्त या वेळी विचारायला समोर साहेब नव्हते. मेस्त्री पुन्हा खाली सरकले, नट सोडवला आणि दांडा जसा सापडला होता तसा चुकीचा बसवला. मग रकाना भरला. चार ओळी लागल्या.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. खाच, टिंबं, तो 'हो', सगळं. काकू वाटाणे सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत, पण वाटाणे सालींच्या भांड्यात आणि सालं वाटाण्यांत पडायला लागली.

"तुम्ही दांडा बसवताना माझ्याकडे बघत होतात," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. मला तेव्हा बरं वाटलं होतं."

"तुझा काय दोष त्यात?"

"माझा दोष आहे असं म्हणतेय का मी? बरं वाटलं होतं, एवढंच सांगतेय." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी मेस्त्री अण्णांकडे गेले आणि म्हणाले, "अण्णा, गुडघा दुखला तरी आज चला. माझ्यासाठी चला." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून अण्णांनी वाद घातला नाही. कडी तीनदा बघितली आणि निघाले.

शेडमध्ये आल्यावर अण्णा दारातच थांबले. एक्केचाळीस वर्षं बंबाची घंटा ऐकली की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात आले होते. आता चार नंबर समोर उभा होता, निम्मा लाल, निम्मा विटकरी, निम्म्या वाटेवर परत आलेला. अण्णा जवळ गेले आणि दारावरच्या आकड्याला त्यांनी तळहात लावला.

"खाली हात घाला अण्णा," मेस्त्री म्हणाले. "कॉकला."

अण्णा सावकाश गुडघ्यावर बसले. त्यांनी खाली बघितलंही नाही. हात आपोआप आत गेला, इतक्या वर्षांत वाट विसरला नव्हता.

"आडवा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे बंद. आडवा अडवतो. मला काय शिकवतोस?"

"हात तिथेच ठेवा." मेस्त्रींनी बादली उचलली आणि पंपाच्या तोंडात पाणी ओतलं. पाणी आत उतरलं आणि खालून अण्णांच्या बोटांवरून, मनगटावरून, बाहीत शिरत वाहायला लागलं. अण्णांनी हात मागे घेतला नाही. बादली संपली तरी ते हाताकडे बघत बसले होते.

"दांडा उलटा बसवलाय," मेस्त्री म्हणाले. "आगीच्या आदल्या दिवशी. मी बसवला. आणि ओढून बघितलं नव्हतं. साहेबांना 'हो' म्हणालो ते खोटं होतं. तुमची काही चूक नव्हती, अण्णा. कधीच नव्हती."

अण्णांनी ओली बोटं एकमेकांवर घासली.

"आडवाच होता," अण्णा म्हणाले. मग परत, स्वतःशीच, "आडवाच होता की." मग ते उठायला लागले. मेस्त्रींनी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, चाकाला धरून उठले. "माझी बायको म्हणायची, तुम्ही म्हणता तर आडवाच असेल. ती एकटी म्हणायची. मी तिला ओरडून गप्प केलं होतं. आता तिला सांगायला जाऊ कुठे?"

अण्णा ओल्या बाहीने निघून गेले.

त्या रविवारी काकूंनी अण्णांचं पान मांडलं. ते आले नाहीत. पुढच्या रविवारीही मांडलं. मेस्त्रींना जेवण जाईना. काकू त्यांना एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मेस्त्रींना वाटे. दुपारचं स्वप्न आता पडत नव्हतं. आसनावर डोळे मिटले की नुसता काळोख असे, आणि त्यात एक बाही टपटपत असे.

तरी काम थांबलं नाही. दांडा बरोबर बसवला, खाच बघून. पाणी ओढून बघितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं, आणि तिन्ही वेळा वहीत लिहिलं. बाईंनी ते पान वाचलं, मेस्त्रींकडे बघितलं आणि वही मिटून परत दिली.

ज्या दिवशी चार नंबर पहिल्यांदा सगळ्यांसमोर पाणी उडवणार होता, त्या सकाळी केंद्राच्या मैदानात पंचवीस-तीस माणसं जमली. दोन-चार जुने जवान, भंगारवाला, भंगारवाल्याचा तो सलाम ठोकणारा कामगार. पाइप टाकीत सोडला. पंपावर कोण बसणार, असं बाई विचारत होत्या, तेवढ्यात फाटकातून अण्णा आले. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट. ते मेस्त्रींकडे न बघता सरळ बाईंपाशी गेले.

"पंपावर मी."

ते गुडघ्यावर बसले आणि पंपाच्या पोटाखाली हात घातला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आडवा." मग मान वळवून त्यांनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा मेस्त्रींकडे बघितलं.

"ओढून बघितलंय?"

"तीनदा," मेस्त्री म्हणाले.

"खरं?"

"खरं. वहीत आहे."

"मग ठीक," अण्णा म्हणाले आणि पंपावर जाऊन बसले.

इंजिन घुमायला लागलं. जाड पाइप एकदा थरथरला, मग भरला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पाणी वर गेलं. सरळ, जाड, पांढरं, केंद्राच्या छपराच्याही वर, आणि तिथे थांबून, फुटून, सगळ्या मैदानावर बारीक बारीक होऊन खाली आलं. लोक भिजले तरी कुणी हललं नाही. मेस्त्रींना वाटलं, आपण परत त्या पाण्याच्या रस्त्यावर आहोत. घरांत दिवे आहेत, माणसं जेवताहेत, घरं नऊच्या नऊ. पंपावरच्या अण्णांच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं आणि त्यातलं किती टाकीतलं आणि किती त्यांचं, हे कुणी विचारलं नाही.

नंतर बाईंनी अण्णांना बाजूला घेतलं. फाटकापाशी बंबाचा इतिहास लिहिलेली पाटी लावायची आहे, त्यात कॉकचं काय लिहायचं, असं त्या हळूच विचारत होत्या. मेस्त्री चार पावलांवर उभे होते, त्यांना सगळं ऐकू आलं.

"जसं सापडलं तसं लिहा," अण्णा म्हणाले. "माझंही आणि त्याचंही."

त्या दिवशी रविवार नव्हता, तरी अण्णा बहिणीकडे जेवले. जास्त बोलले नाहीत. भाताला मीठ कमी आहे, एवढं म्हणाले, आणि काकूंना त्याचाही आनंद झाला. जेवून अण्णांनी मोरीत हात धुतले, चपला घातल्या, "येतो," म्हणाले आणि गेले.

काकू नेहमीप्रमाणे दार उघडं धरून उभ्या राहिल्या. अण्णा कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे नेहमी थांबत तिथे थांबले. काकूंनी दार आणखी थोडं उघडलं. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि कोपरा वळून दिसेनासे झाले.

काकू तरीही थोडा वेळ थांबल्या. मग दार लावून आत आल्या आणि मोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. "अहो, इकडे या."

मेस्त्री आले. मोरीतला नळ चालू होता. पाण्याची करंगळीएवढी धार खालच्या फरशीवर पडत होती. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा अण्णा नळ चालू सोडून गेले होते.

दोघं त्या धारेकडे बघत राहिले. मग मेस्त्री वाकले, नळ बंद केला, आणि परत एकदा फिरवून बघितला.